चाळिसांत तीन अतिरेकी?

पत्र (लांबलचक होतं, कापून देतेय):

«ताई, मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडमध्ये मानसशास्त्रात मास्टर्स करतेय. डिझर्टेशनचा विषय आहे, माणसं हिंसक अतिरेकी विचारांकडे का ओढली जातात. पैसे घेऊन सर्व्हे भरणारी माणसं मिळतात त्या प्रोलिफिक या साइटवरून ३०० जण घेणार आहे. विभागाने ६०० पौंड दिलेत. प्रश्नावली १५ मिनिटांची. परवानगी घेऊन ४० जणांची पायलट, म्हणजे आधीची छोटी चाचणी, केली. 'राजकीय किंवा धार्मिक कारणासाठी मी हिंसेत भाग घेतला आहे' याला तिघांनी 'हो' म्हटलं. साडेसात टक्के! गाइड खूश आहेत. पण एथिक्स कमिटीतल्या एक बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चार पेन्ससाठी क्लिक करणाऱ्यांकडून तुम्ही दहशतवाद समजून घेणार?" मला ते फार लागलं. हा डेटा खरा मानू की नको? आणि दुसरं, रात्री कुणी खरंच 'मी काहीतरी करणार आहे' असं लिहून ठेवलं तर मी काय करायचं? आईला विषय सांगितलेला नाही, 'सोशल सायकॉलॉजी' एवढंच सांगितलंय. पायलटची फाइल सोबत जोडली आहे, बघून सांगा.»

आधी रागावते, मग उत्तर देते.

ती फाइल मी उघडली नाही, काढून टाकली. पण तू ती जोडलीसच कशी? त्या ४० जणांनी संमती दिली ती तुला आणि तुझ्या गाइडला, कोथरूडमध्ये बसून सदर लिहिणाऱ्या बाईला नव्हे. 'त्यात नावं नाहीत, नुसते आयडी आहेत' असं म्हणशील. २०१३ साली काही संशोधकांनी दाखवून दिलं की ॲमेझॉनच्या मेकॅनिकल टर्कवर (हीही पैसे देऊन सर्व्हे भरून घ्यायची साइट) काम करणाऱ्याचा आयडी आणि त्याच्या ॲमेझॉन खात्याचा आयडी एकच होता. तो इंटरनेटवर शोधला की त्या माणसाने लिहिलेले अभिप्राय, त्याने पुढेमागे घ्यायच्या वस्तूंची केलेली यादी, कधीकधी नाव आणि फोटोसुद्धा समोर यायचा. तोवर भलेभले अभ्यासक तो आयडी निनावीच समजत होते. प्रोलिफिकची रचना वेगळी आहे, मान्य. पण 'मी हिंसेत भाग घेतलाय' अशी खूण ज्या ओळीपुढे आहे, ती ओळ कुणाच्याही इनबॉक्समध्ये फिरता कामा नये. माझ्यासुद्धा.

आता ते तिघं. पत्रात तू त्यांच्याबद्दल जे लिहिलंस त्यातलं ओळख पटेल असं सगळं मी गाळलंय. पहिल्याने १५ मिनिटांची प्रश्नावली तीन मिनिटांच्या आत संपवली. दुसऱ्याने एका ठिकाणी 'मी कधीच मतदान केलेलं नाही' आणि पुढच्याच पानावर 'गेल्या निवडणुकीत मतदान केलं' अशा दोन्हींवर टिचकी मारली. तिसरा मात्र खरा. मोकळ्या चौकटीत त्याने तरुणपणीच्या एका संपात पोलिसांशी झालेल्या झटापटीबद्दल सविस्तर लिहिलंय. म्हणजे तुझ्या तीन अतिरेक्यांपैकी एक घाईत होता, दुसरा झोपेत होता आणि तिसरा संपकरी होता. ब्रिटनमध्ये १९८४-८५ च्या कोळसा खाण कामगारांच्या संपात असे संपकरी हजारोंनी होते, ऑर्ग्रीव्हला पोलिसांशी झालेली झटापट तर अजून निघते तिथे बोलण्यात. त्या माणसाने तुझ्या प्रश्नाचं अगदी प्रामाणिक उत्तर दिलंय. गडबड प्रश्नात आहे.

हे तुझ्या एकटीचं नाही. जी गोष्ट समाजात फार दुर्मीळ आहे ती अशा सर्व्हेने शोधायला गेलं की हे होतंच. जरा कागद-पेन घे. ३०० जण धर. त्यांतले ५ टक्के, म्हणजे १५ जण, न वाचता टिचक्या मारणारे (आकडा समजुतीपुरता धरलाय). हो-नाहीचा प्रश्न असेल तर त्यांतले सात-आठ जण 'हो'वर पडतील. उरले २८५ नेटाने वाचणारे. त्यांच्यात शंभरात एकाने खरोखर हिंसा केलीय असं धरू, हेही फारच उदार झालं. झाले तीन. एकूण 'हो' दहा-अकरा, त्यांत खरे तीन. पोतंभर तांदळाचं वजन करायचं असेल तर मूठभर खड्यांनी काही बिघडत नाही. पण त्या तांदळात मोती हरवलाय म्हणून शोधायला बसलीस, तर प्रत्येक पांढरा खडा मोती वाटणार.

आणि खरा घोळ इथून पुढे. तू पुढच्या पानावर विचारणार, 'तुरुंगात गेला होता का'. तेच १५ जण तिथेही निम्मे 'हो' म्हणणार. नीट वाचणारे बहुतेक सगळे दोन्हीकडे 'नाही' म्हणणार. मग एसपीएसएस, म्हणजे तुझं आकडेमोडीचं सॉफ्टवेअर, तुला सांगणार की तुरुंग आणि हिंसा यांचा घट्ट संबंध आहे, निव्वळ योगायोग वाटत नाही, पी व्हॅल्यू अगदी झकास. तो संबंध तुरुंगाचा नाही, दमलेल्या अंगठ्याचा आहे. शिवाय तो दिसतो इतका पटण्यासारखा, की गाइडलाही शंका येत नाही.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. राजकीय हिंसेला तिथल्या ८ पासून ४० टक्के लोकांचा पाठिंबा आहे, असे सर्व्हे वर्तमानपत्रांतून गाजत होते. २०२२ साली चार राज्यशास्त्रज्ञांनी एक निबंध छापला. त्यांनी प्रश्न नेमके केले, म्हणजे नुसतं 'हिंसा' न म्हणता कोणी, कुणाला, काय केलं ते सांगितलं. आणि लक्ष न देणारे वेगळे काढले. आधीच्या अंदाजांचा मध्य १८.५ टक्के होता, यांचा आला २.९. हिंसेचा पाठिंबा आणि इतर गोष्टी यांच्यातले जे संबंध आधी सापडले होते तेही न वाचणाऱ्यांमुळे कितीतरी फुगलेले निघाले. आधीच्या संशोधनाचा तू जो आढावा घेतलास त्यात हा निबंध नाही, याचं मला नवल वाटलं.

दुसरी गोष्ट करोनातली. २०२० च्या मे महिन्यात अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने ५०२ जणांचा ऑनलाइन सर्व्हे केला. त्यात साधारण ४ टक्के म्हणाले की विषाणू टाळायला आम्ही पातळ केलेलं ब्लीच प्यायलो किंवा त्याने गुळण्या केल्या. जगभर बातम्या झाल्या. पुढे दुसऱ्या एका गटाने तसाच सर्व्हे पुन्हा करून हे 'पिणारे' तपासले, तर त्यांतले बहुसंख्य न वाचता उत्तरं देणारे निघाले. त्यांच्यातल्या काहींनी 'मी लोह मिळावं म्हणून काँक्रीट खातो' यालाही 'हो' म्हटलं होतं.

काँक्रीट खाणारा एखादा प्रश्न तूही घाल. 'या ओळीत "असहमत" निवडा' असले अटेन्शन चेक ही मुरलेली मंडळी झोपेतही ओळखतात. त्यापेक्षा एकच गोष्ट पहिल्या आणि शेवटच्या पानावर वेगवेगळ्या शब्दांत विचार. कुणाला गाळायचं याचे नियम डेटा यायच्या आधी लिहून ठेव आणि तारीख घालून नोंदवून टाक. नंतर ठरवलंस तर हवा तो आकडा येईपर्यंत माणसं गाळत बसशील. मी बसले आहे, म्हणून सांगते.

मोकळ्या चौकटीवर पूर्वी माझा फार भरवसा होता. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मेकॅनिकल टर्कच्या डेटात एकच लोकेशन पुन्हापुन्हा दिसू लागलं आणि मोकळ्या चौकटीत 'गुड', 'नाइस' एवढंच. अमेरिकेबाहेरचे लोक सर्व्हर भाड्याने घेऊन अमेरिकन असल्याचं भासवत होते. ते ओळखणं निदान सोपं होतं. माझ्या एका पाहणीत 'शेवटचं भांडण कशावरून झालं' याला 'व्हेरी गुड' असं उत्तर आलं होतं. आम्ही महिनाभर हसत होतो. आता तिथे तीन सुबक परिच्छेद येतात. २०२३ च्या एका छोट्या प्रयोगात, मजकुराचा गोषवारा लिहायला दिला तेव्हा ३३ ते ४६ टक्के कामगारांनी चॅटजीपीटीसारख्याची मदत घेतली असावी, असा अंदाज निघाला. म्हणून मोकळा प्रश्न लहान ठेव, ज्याच्या त्याच्या आयुष्यातला ठेव, आणि पेस्ट करता येणार नाही अशी सोय कर. चुका असलेलं, अर्धवट, चिडलेलं उत्तर आलं तर देवाचे आभार मान.

मग त्या कमिटीतल्या बाई बरोबर का? अर्ध्या. 'चार पेन्ससाठी' हे त्यांचं बोलणं मला मुळीच आवडलं नाही. माझा एक भाचा नाशिकला दोन वर्षं हे काम करत होता. अमेरिकेत दिवस उजाडला की कामं पडायची, म्हणून रात्री जागायचा, लाइट गेली की मोबाइलच्या हॉटस्पॉटवर. २०१० च्या सुमाराला मेकॅनिकल टर्कवरचे साधारण एक तृतीयांश कामगार भारतातले होते, हे तुझ्या कमिटीला बहुधा ठाऊक नसेल. भाच्याने एकदा एक सर्व्हे उघडला, त्यात काही सूचना न देता गळा कापण्याच्या व्हिडिओतलं चित्र होतं. त्याने खिडकी बंद केली. अर्धं काम सोडलं म्हणून पैसे नाहीत, आणि ते चित्र मात्र फुकटात मिळालं. क्लिक करणारा माणूस असा असतो. घाईत असतो हे खरं, पण त्याला घाई करायला कोण लावतं?

आता तुझा हिशेब बघ. १५ मिनिटांचे ताशी ९ पौंडांनी सव्वादोन पौंड. वर साइटचं कमिशन धरलं तर माणशी ३ पौंडांच्या घरात जातं. ६०० पौंडांत २०० माणसं, ३०० नव्हेत. तू कमी दराने ३०० बसवली असणार, आणि तीन मिनिटांत उरकणारा तिथूनच आला असणार. प्रश्नावली १० मिनिटांवर आण. मग त्याच दराने माणशी साधारण २ पौंड पडतात आणि ३०० बसतात. पाच मिनिटांचे प्रश्न कापायचे म्हटल्यावर तुला कळेल त्यांतले किती उगाच होते.

बाई बरोबर आहेत त्या दुसऱ्या अर्ध्यात: या लोकांकडून तुला दहशतवादी समजणार नाही. प्रोलिफिकवर दहशतवादी नाहीत असं नाही, कुणास ठाऊक. पण असला तरी तो दीड पौंडासाठी कबुली देणार नाही, आणि जो देईल त्याच्यावर विश्वास ठेवायला तुझ्याकडे काही आधार नाही. जाहिरातीत 'जहाल विचारांच्या लोकांसाठी' असं लिहून माणसं गोळा करायचा विचारही करू नकोस. पात्रतेची अट उघड सांगितली की ती अट पुरी करणारे अचानक वाढतात, हे तपासून झालंय. लोक पैशासाठी वय बदलतात, आजार लावून घेतात, तर जहाल व्हायला काय लागतं?

'जहाल' वरून आठवलं. तुझ्या प्रश्नावलीत सोफिया मोस्कालेन्को आणि क्लार्क मॅकॉली या मानसशास्त्रज्ञांची २००९ ची मापनपट्टी आहे, तीच ना, एका बाजूला चळवळ, दुसऱ्या बाजूला कट्टरता? त्यात आपल्या गटाच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेला, ती कधीमधी कायदा मोडत असली तरी, पाठिंबा देत राहाल का, अशा अर्थाचं वाक्य आहे. पुढचं वाक्य हिंसेचं. आता तुझ्या साताऱ्यात चल. १९४३ मध्ये पत्री सरकारात गेलेल्या कुणालाही ही पट्टी दिली असती तर त्याने दोन्हींवर सातपैकी सात दिले असते, आणि गावाने त्याला ओवाळलं असतं. आपल्याकडे टिळक 'जहाल' होते, शिवी म्हणून नव्हे. आणि मराठी पेपरात 'अतिरेकी' म्हणजे थेट बंदूक घेतलेला माणूस, मधल्या पायऱ्या नाहीतच. इंग्रजीत तू 'एक्स्ट्रीमिझम' लिहितेस तेव्हा नेमकं काय म्हणायचंय, ते एकदा आईला मराठीत समजावून सांगायचा प्रयत्न कर. जिथे अडशील तिथे तुझी व्याख्या कच्ची आहे.

मॅकॉली आणि मोस्कालेन्को स्वतःच सांगतात की मताचा पिरॅमिड वेगळा आणि कृतीचा वेगळा. 'त्यांचं चुकलं नाही' म्हणणारे लाखांनी असतात, त्यांतले जवळजवळ सगळे संध्याकाळी घरी जाऊन जेवतात. उलट, काही जण भावापाठोपाठ किंवा मित्राच्या नादाने कृतीत ओढले जातात, मत नंतर जुळवतात. तुझ्या हाती येणार ते मत. ते कमी मोलाचं नाही. पण शीर्षकात 'अतिरेकी का होतात' लिहून आत मतं मोजणं म्हणजे पाटीवर मिसळ लिहून आत पोहे देणं.

या ३०० जणांकडून काय चांगलं करून घेता येईल ते सांगते. प्रयोग. अतिरेकी संघटना माणसं ओढायला लिहितात तशा मजकुराचा घाट घे (खरा मजकूर नको, तू लिहिलेला, बनावट नावाच्या संघटनेचा). निम्म्यांना तो नुसता वाचायला दे. निम्म्यांना आधी दोन ओळींत सांग की असे मजकूर कसे गळ टाकतात: आधी अपमान दाखवतात, मग शत्रू दाखवतात, मग घाई करतात. कोण कुठल्या बाजूला ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक ठरव. आता झोपलेले १५ जण दोन्ही बाजूंना सारखेच वाटले जातील. फरक थोडा पुसट करतील, पण नसलेला फरक उभा करणार नाहीत. अतिरेकी सापडायची गरजच उरली नाही. ज्यांच्यावर तो मजकूर टाकला जातो ती सामान्य माणसंच असतात, आणि तीच तुझ्याकडे आहेत. मला विचारशील तर हेच डिझर्टेशन आहे.

'मी हिंसेत भाग घेतला आहे' हा प्रश्न काढून टाक. नुसता चुकीचे आकडे देतो म्हणून नव्हे. त्या उत्तराचं तू काय करणार, हे ठरलेलं नाही म्हणून.

इथे तुझा दुसरा प्रश्न येतो, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा आहे. संमतीपत्रात तू बहुधा 'तुमची उत्तरं पूर्णपणे गोपनीय राहतील' असं लिहिलंयस. खोड ते. अमेरिकेतल्या बॉस्टन कॉलेजने उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्या होत्या, हयातीत बाहेर जाणार नाहीत अशा शब्दावर. २०११ मध्ये ब्रिटिश पोलिसांच्या मागणीवरून अमेरिकन न्यायालयाचं समन्स आलं आणि काही टेप द्याव्या लागल्या. विद्यापीठाला जमलं नाही ते मास्टर्सच्या मुलीला कुठून जमणार? शिवाय ब्रिटनमध्ये दहशतवादी कृत्य टाळायला उपयोगी पडेल अशी माहिती हाती असून दडवणं हाच गुन्हा आहे. तेव्हा साध्या इंग्रजीत लिही: स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होईल असं काही तुम्ही लिहिलंत तर आम्हाला ते पुढे कळवावं लागेल. पहिल्याच पानावर, बारीक अक्षरांत नाही.

आणि रात्री खरंच काही आलं तर? तू एकटीने ठरवायचं नाही. डेटा गोळा करणं कामाच्या दिवशी सकाळी चालू कर आणि संध्याकाळी थांबव, शुक्रवारी रात्री लिंक उघडी ठेवून झोपू नकोस. गाइडचा फोन नंबर घे, आणि ते उचलणार नसतील तर दुसरा कोण हेही कमिटीकडून लेखी घे. तुझ्याकडे फक्त आयडी असेल, माणूस साइटला ठाऊक असतो. त्यांच्याकडे कसं कळवायचं ते आधीच विचारून ठेव. बहुतेकदा काही येणार नाही. आलं तर ते बहुधा दुसऱ्याला मारण्याचं नसेल, स्वतःला संपवण्याचं असेल. त्यासाठी शेवटच्या पानावर मदतीचे नंबर हवेत, आणि बनावट मजकूर बनावट होता हे सांगणारे चार शब्द.

एक काळजी माझी. २००८ मध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठातल्या एका मास्टर्सच्या विद्यार्थ्याने अल-कायदाचं म्हणून ओळखलं जाणारं एक मॅन्युअल अमेरिकन सरकारच्या वेबसाइटवरून उतरवून घेतलं होतं, अभ्यासासाठी. त्याला आणि ज्याला त्याने ते पाठवलं त्या कर्मचाऱ्याला अटक झाली. जवळजवळ आठवडाभर कोठडीत ठेवून दहशतवादाचा आरोप न लावता सोडलं. विद्यार्थ्याला पुढे पोलिसांनी २०,००० पौंड भरपाई दिली. आता कायद्यात अभ्यासासाठी हे कारण ग्राह्य धरलंय, पण तू स्टुडंट व्हिसावर आहेस. असलं काही स्वतःच्या लॅपटॉपवर उतरवू नकोस. विद्यापीठात अशा संवेदनशील सामग्रीसाठी नोंदणी आणि वेगळा सर्व्हर असतो का ते विचार, बऱ्याच ठिकाणी असतो. विमानतळावर लॅपटॉप उघडायची वेळ आली तर त्यात फक्त तुझा मसुदा आणि लग्नाचे फोटो असावेत.

आईला सांग. विषय ऐकून ती घाबरेल, मग दोन दिवसांनी फोनवर विचारेल, 'काय गं, त्या लोकांना असं वाटतं तरी का?' तुझ्या प्रस्तावनेचं पहिलं वाक्य तिथे मिळेल.

प्रश्न बदललेस की पुन्हा दहा जणांची पायलट कर, आणि आकड्यांना हात लावायच्या आधी दहाही जणांनी लिहिलेलं वाच. ते मला पाठवू नकोस. आणि ती फाइल तुझ्या 'सेंट'मधूनही काढून टाक, अजून तिथे असेल.